पुसता न येणारा फोटो

माझ्या आईला मोबाईलमधल्या दोनच गोष्टी येतात: आलेला फोन उचलणं आणि स्वतःचा फोटो पुसणं. दुसरी तिला कोणी शिकवली कोण जाणे. मी भोकरदनला तिच्याकडे गेले की भाजी निवडताना, दळण पाखडताना तिचा एखादा फोटो काढायचे. ती हातातलं काम संपवायची. हात धुऊन यायची, मोबाईल मागायची, त्या बारक्या कचरापेटीच्या खुणेवर बोट ठेवायची आणि मोबाईल परत द्यायची. हळूच काढलेले फोटोही तिने शोधून शोधून पुसले.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ती कुठल्याच फोटोत नाही. लग्नात फोटोसाठी घरच्यांना बोलावलं की तिला नेमकं तेव्हाच बॅगांजवळ कोण आहे ते बघायचं असतं, नाहीतर पंगतीत वरण पोचलं का ते. विधवेनं शुभकार्याच्या फोटोत उभं राहू नये, असं आमच्यात कोणी म्हणत नाही. म्हणायची वेळच ती येऊ देत नाही. आणि तिला हाताला धरून परतही कोणी आणत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. रागवायचं कोणावर? मला मात्र राग येतो, अजूनही.

वडील गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा धड फोटो घरात नव्हता. तेरवीला फ्रेम करायला एकच सापडला, शहागडला नदीवर काढलेला, दोघांचा. आईनेच तो स्टुडिओवाल्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "मला कापा, ह्यांचा मोठा करा." त्याने कापला. पण दोघं अगदी जवळ उभे होते, त्यामुळे वडिलांच्या कोपराशी तिच्या साडीचा हिरवा काठ राहून गेलाय. दिवाळीला हार बदलताना मला आधी तो काठ दिसतो.

शहागड आईचं माहेर. लहानपणी घाटावर बसल्यावर गोदावरीचं हे पाणी जातं कुठं, असा तिला प्रश्न पडायचा. तो सत्तरीतही पडत होता. जालन्याहून नरसापूरला थेट गाडी जाते आणि तिथून थोडं पुढे गोदावरीचा एक फाटा समुद्राला मिळतो, हे मला कळलं तेव्हा मी तिला येतेस का म्हणून विचारलं. नाही म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, कधी निघायचं?

मग मी कॅमेऱ्याच्या मागे लागले. प्रवासाचे फोटो हे निमित्त होतं. आधार कार्डावरचा सोडला तर इतक्या वर्षांत तिचा एकही फोटो नव्हता, आणि त्या कार्डावर ती मला आई वाटतच नाही. मला तिचा एक फोटो हवा होता, ती जिथे खुशीत उभी आहे असा, मला बघायला. मी शिकवते त्या शाळेतली एक बाई म्हणाली, घेऊन ठेवा, पुढं लागतोच. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. भिंतीसाठी मला तो नको होता.

कॅमेरा रोलचाच घ्यायचा हे ठरलेलं होतं, कारण रोलवर उठलेलं पुसता येत नाही.

संभाजीनगरला जुने कॅमेरे दुरुस्त करून विकणारं एक दुकान आहे. दुकानदाराने प्रवासाला सोपे म्हणून तीन छोटे कॅमेरे काचेवर मांडले. पहिला झूमवाला. बटण दाबलं की कासवाच्या मानेसारखं भिंग बाहेर यायचं आणि फोटो झाला की रोल पुढे सरकताना मोटर घरघरायची. दुसरा मुठीत मावणारा, सगळं स्वतःच ठरवणारा, पण जरा सावली आली की फ्लॅश उडवायचा. दुकानदाराचा जीव ह्या दुसऱ्यावर होता. मी एकेक कॅमेरा कानाशी धरून बटण दाबत होते. शेवटी त्याने विचारलंच.

"मॅडम, फोटो काढायचेत का चोरी करायची?"

मी म्हटलं, चोरीच समजा.

तिसऱ्याला ना झूम, ना मोटर, ना फ्लॅश. रोल अंगठ्याने चाक फिरवून पुढे न्यायचा. बटणाचा आवाज भुईमुगाची शेंग फोडावी एवढाच. फक्त समोरचं माणूस किती अंतरावर आहे ते आपण अंदाजाने लावायचं. अंदाज चुकला तर फोटो अस्पष्ट, आणि तेही रोल धुऊन आल्यावर कळणार. दुकानदाराने मला परोपरीने सांगितलं की ह्याचा बिलकुल भरोसा नाही, खर्चा फुकट जाईल. मी तोच घेतला. जालन्याला घरी दाराशी, कपाटाशी उभं राहून अंतराचा सराव केला. चालताना आई माझ्या दोन पावलं पुढे असते आणि बसली की हाताच्या अंतरावर, एवढं मला पाठ होतं.

मोबाईल दिसला की ती सावध व्हायची. ह्या काळ्या डबीचं तिला काही वाटलं नाही. गाडीत मी खिडकीबाहेरची शेतं काढली, स्टेशनं काढली आणि मधूनच तिला काढलं. ती मजेत दशमी खात होती, समोरच्या तेलुगू बाईशी हातवारे करून बोलत होती. मला चांगलं वाटत होतं आणि टोचतही होतं. जिने आयुष्यात माझ्यापासून काही लपवलं नाही, तिच्यापासून मी लपवत होते.

नरसापूरहून रिक्षा केली आणि शेवटी वाळूतून चालत गेलो. नदी कुठे संपते ते काही दिसत नाही. नुसतं पाणी रुंद होत जातं. आई पुढे गेली, साडी वर खोचून गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली, ओंजळ भरली आणि न सांडता जराशी चाखली.

"खारं झालं गं," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "आपल्या शहागडचं पाणी पार खारं झालं."

ती रडत नव्हती, पण तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मी दोन पावलांवरून बटण दाबलं. वारा पडला होता, तिला ऐकू आलं. ती बाहेर आली आणि तिने हात पुढे केला. मी कॅमेरा दिला. तिने तो उलटा केला, सुलटा केला, मागच्या बाजूला काचेसारखं काही आहे का ते चाचपलं.

"ह्याच्यात पुसायचं कसं?"

"पुसता येत न्हाई, आई."

तिने कॅमेरा परत दिला. त्यानंतर परतीच्या प्रवासभर ती माझ्या मागून चालली.

रोल धुवायला पुण्याला पाठवावा लागला. फोटो आले ते घेऊन मी भोकरदनला गेले. बरेचसे फसलेले होते: तिची पाठ, अर्धा कान, धुक्यासारखा एक हात. पण पाण्यातला फोटो मात्र साधला होता. भरलेली ओंजळ, भिजलेला पदर, मागे नुसतं पाणी. बाजूला कोणी नाही.

आईने तो दोन्ही हातांत धरला आणि खिडकीशी नेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की रोल पुसता येत नसला तरी कागद फाडता येतो. तिचे अंगठे फोटोच्या वरच्या कडेवर होते. आता तिला अडवण्याचा मला काही हक्क नव्हता.

तिने भिंतीवरच्या वडिलांकडे एकदा बघितलं, त्यांच्या कोपराशी राहिलेल्या हिरव्या काठाकडे.

"बरा आलाय," ती म्हणाली. "हा कापायचं काम न्हाई."

मी म्हटलं, मी भिंतीसाठी नव्हता काढला.

"मला माहीत हाय," ती म्हणाली, आणि फोटो पदराला पुसून कपाटात ठेवायला गेली.