कासुर्डीतल्या गव्हाची सोयरीक

काय काम करता असं कुणी विचारलं की मी सांगतो, गव्हाची लग्नं जमवतो. नवीन वाण तयार व्हायला वर्षानुवर्षं जातात, किस्से मात्र दर हंगामात पोतंभर निघतात. आमचं ऑफिस शिरूरला आणि प्रयोगाचा प्लॉट कासुर्डीत, आप्पांच्या शेतात. यंदा माझ्या डोक्यात एकच जोडी होती. नवरी भरघोस ओंबीची आणि नवरदेव तांबेरा रोगाला दाद न देणारा. ती जमली तर इतक्या वर्षांच्या उन्हातान्हाचं सार्थक होणार होतं.

जमीन आपली म्हणजे नवरदेवही आपणच निवडायचा, असं आप्पांचं ठाम मत. त्यांनी छातीला लागणारा उंच गहू पसंत केला. उंच गहू लोळतो, आपल्याला बुटका, दणकट ताटाचा हवा, हे मी परोपरीनं सांगितलं. "पोरगं उंचच पायजे," आप्पा हटेनात. त्याच आठवड्यात पाणी दिलं, वर वारा सुटला आणि आप्पांचा नवरदेव सपशेल आडवा झाला. आप्पांनी बांधावरून वाकून बघितलं.

"दमलाय," म्हणाले. "उठंल."

नवरीच्या ओंबीतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, वर कागदी पिशवी चढवायची आणि ओंबी फुलली की आत माझ्या पसंतीच्या बुटक्या नवरदेवाचे पराग झटकायचे, हे काम गावातल्या सुनंदाताईंच्या मजूर बायकांच्या टोळीचं. पुण्याहून आमचे मोठे साहेब पाहणीला आले आणि नेमकी पिशवी उघडली असताना त्यांना शिंक आली. सुनंदाताईंनी पिशवी मिटली.

"साहेब, शिंकायचं तर बांधावर जावा. हितं बाप ठरतोय."

साहेब नाक दाबून बांधावर गेले.

पिशव्या कशाला घातल्यात असं गावात जो तो विचारायचा. नजर लागू नये म्हणून, असं आप्पांनी कुणाला तरी ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी प्लॉटच्या कोपऱ्यात लिंबू-मिरची लटकलेली! मी ती काढणार तेवढ्यात मोठे साहेब पुन्हा आले. त्यांनी ती नीट निरखली आणि गंभीरपणे विचारलं, "तुलनेसाठीच्या कंट्रोल प्लॉटलाही बांधलीय ना?"

पुढे ओंब्या भरल्या. पिशव्यांमध्ये डोकावलो तर हिरवे, टपोरे दाणे. आमची जोडी जमली होती! त्या दिवशी मी शिरूरपर्यंत शीळ घालत आलो.

रविवारी आप्पांच्या मुलीला बघायला केंदूरचे पाहुणे येणार होते. मलाही आग्रहाचं बोलावणं होतं. जाऊन बघतो तर अंगणात गोवऱ्यांच्या आरावर ओंब्या भाजल्या जात होत्या, पाहुणे तळहातावर चोळून, फुंकर मारून दाणे खात होते, आणि बाजूला आमच्या कागदी पिशव्यांचा ढीग पडला होता.

आप्पांना बाजूला घेऊन विचारलं, तर ते कौतुकानं म्हणाले, "समद्या पिशवीतल्याच काढल्या. पाव्हण्यांना धुळीतल्या कशा द्यायच्या?"

मला खरोखर रडू यायला लागलं. स्वयंपाकाला मदत करायला आलेल्या सुनंदाताईंनी माझा चेहरा पाहिला. त्यांनी आरावरची शेवटची ओंबी उचलली, चोळली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले.

"खाऊन तरी बघा."

खाल्ले. गोड होते, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि घसा साफ केला.

"आप्पा, पोरगी पसंत हाय आमाला," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "आन् साहेब, ह्या गव्हाचं बी मिळंल का?"