फाटकाकडे तोंड

भाऊबीजेला आमची सोसायटी निम्म्याहून जास्त रिकामी होते. कोणी माहेरी जातं, कोणी सासरी, मी वैरागला बहिणीकडे. निघताना प्रत्येक जण फाटकाशी गाडी हळू करतो, काच खाली घेतो आणि वॉचमन मामांना तेच वाक्य ऐकवतो, "मामा, लक्ष असू द्या." परत आल्यावर फराळाची पिशवी दिली की आपण मोकळे. मीही त्यातलाच. भाऊबीज मामांनाही असेल, हे अकरा वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

यंदा आलं, तेही बायकोमुळे. चकल्या पाडता पाडता ती म्हणाली, "मामांना बहीण आहे का हो?" मला ठाऊक नव्हतं. मामा सांगोल्याकडचे, घरी मेंढरं होती, एवढंच माहीत. रोज संध्याकाळी ते सगळे मजले चढतात आणि बंद घरांची कुलपं एकेक हलवून बघतात, हेही माहीत. खाली जाऊन विचारलं, तर बहीण निघाली, आणि तीही कुंभारीत! बसने जेमतेम अर्ध्या तासावर.

"मग भाऊबीजेला जात नाही तुम्ही?"

"कसं जायाचं सर? समदी गावाला जात्यात. राखायला कोन?"

मला चेव आला. दानशूरपणाचा झटका मला वर्षातून एकदाच येतो, पण आला की आवरत नाही. यंदा फाटकावर मी बसणार, असं मी जाहीर करून टाकलं. वैरागला फोन करून यंदा एक दिवस उशिरा येतो म्हणालो, तर बहिणीने फोनवरच खरडपट्टी काढली. बायको म्हणाली, "तुम्हाला आपल्या घराची चावी सापडत नाही, चोर काय सापडणार?"

मामा दोन दिवस नाही नाहीच म्हणत होते. मग एका दुपारी नवी पेठेतून साडी घेऊन आले, तेव्हा समजलो की गडी तयार झाला. बहिणीला आधी कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. "दचकली पायजे," म्हणाले आणि खुशीत हसले.

भाऊबीजेला सकाळी त्यांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली, वही दिली, चाव्यांचा जुडगा दिला. "कुनाला बी इचारल्याबिगर आत सोडायचं न्हाई. आन् खुर्ची हलवायची न्हाई." खुर्ची फाटकाकडे तोंड करून ठेवलेली असते. तिचे पाय फरशीत रुतल्यासारखे चार डाग तिथे पडलेत.

पहिली पंधरा मिनिटं मी शिट्टी वाजवायला मिळेल का, याची वाट बघितली. नंतर मोबाइल काढला. तेवढ्यात एक कुत्रं आत येऊन, सगळीकडे फिरून, परत बाहेरही गेलं. मला ते जातानाच दिसलं. हे काम वाटतं तितकं सोपं नाही, एवढा प्रकाश तेव्हा पडला.

मग रिक्षातून एक बाई उतरल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, हातात फडक्याने झाकलेलं ताट. मी छाती पुढे काढली.

"कोणाकडे जायचंय?"

"भावाकडं."

"फ्लॅट नंबर?"

"त्याला कुटला फ्लॅट? त्यो हितंच बसतुय की."

मी वही पुढे सरकवली. पण त्या वहीकडे बघेचनात. माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघत राहिल्या, मग खुर्चीकडे. त्यांचा चेहरा पडला. "माजा भाऊ कुटं हाय? काडून टाकलं व्हय त्याला?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "अहो ताई, ते तुमच्याकडेच गेलेत!"

त्या मटकन पायरीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "आवं, त्यो येत न्हाई म्हून दर साली मीच येती की. अकराच्या सुमाराला. औंदा शेजारची रिक्षा गावली म्हून बिगीनं आली." अकरा वर्षं त्या येत होत्या, याच खुर्चीत भावाला ओवाळत होत्या, आणि आम्ही सगळे गावाला. बघणार कोण?

मी मामांना फोन लावला. ते कुंभारीत, बंद दारापुढे. "सर, घराला कुलूप हाय. हलवून बगितलं, बराबर लागलंय."

मामा परत येईपर्यंत ताई पायरीवर बसून बोलत होत्या. "येक गोष्ट लई बोचती बगा. ह्ये फाटक दक्षिनंला. आजचा दिस यमाचा. भावाला आयुष्य मिळावं म्हून वोवाळायचं, आन् ह्यो यमाकडंच तोंड करून बसतुय. दर साली म्हनती, फिर की पूर्वंला. म्हनतुय, लोकांची घरं बंद हायती, फाटकावरनं नजर कशी काडू? औंदा छातीत दुकून दोन दिस दवाखान्यात व्हता. माजा जीव थाऱ्यावर न्हाई."

ते दोन दिवस मला आठवले. बदली वॉचमन नीट सलाम करत नाही, अशी तक्रार मी केली होती. मामा कुठे आहेत, हे विचारलं नव्हतं. मला मनापासून लाज वाटली. वैरागला मी दरवर्षी रांगोळी काढलेल्या पाटावर पूर्वेला तोंड करून निवांत बसतो. तो निवांतपणा हा माणूस इथे दक्षिणेला तोंड करून सांभाळत होता.

मामा घामाघूम होऊन आले, काखेत साडीची पिशवी. आल्या आल्या हात पुढे केला. "द्या शिट्टी. आता तुमी जावा वैरागला, बहीण वाट बगत आसंल."

"माझी ड्युटी संध्याकाळपर्यंत आहे मामा," मी म्हणालो. खुर्ची उचलली आणि पूर्वेला, स्कूटरींकडे तोंड करून ठेवली.

मामांनी खुर्चीकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ताई ताट घेऊन उभ्या राहिल्या. मग मामा बसले.

मी फाटकात जाऊन उभा राहिलो. पाठीमागे काडी ओढल्याचा आवाज झाला.

"सर, त्यो टेम्पो—"

"बघितला मामा. पुढे गेला."

"मान हलवू नगंस," ताई ओरडल्या. मग मागे बांगड्या वाजल्या. मामांचा चेहरा कसा दिसत असेल, हे मला फार बघावंसं वाटत होतं. पण घरं बंद होती लोकांची. मी रस्त्याकडेच बघत राहिलो.