मंडईच्या सीड्या

काल जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी त्यात एक सीडी लावून पाहिली. बाहेर काढली तेव्हा ती कोमट होती, आणि त्या तापलेल्या प्लास्टिकच्या वासाने मला तुमसरच्या आमच्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात नेऊन बसवलं.

दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ झाला होता आणि आम्ही त्याचं शूटिंग केलं होतं. कुणाचा बाप, कुणाचा भाऊ त्यात नाचला होता, आणि माहेरी आलेल्या पोरींना दुपारच्या गाडीआधी त्याची सीडी हवी होती. मी एकामागून एक सीड्या काढत होतो. मग त्या खराब निघायला लागल्या.

"लगातार काढून राहिला तू. ड्राइव्ह जळून जाईन," भाऊ म्हणाला.

दारात पोरी बॅगा घेऊन उभ्या. वहिनीने याच कॉम्प्युटरला हात लावून पाहिला. बाजूच्या राइस मिलचा कोंडा आत जाऊ नये म्हणून तिनेच त्याला झालरीचं जाड कव्हर शिवलं होतं, आणि आम्ही ते कधी काढतच नसू.

"भावजी, याले तं आपणच स्वेटर घालून ठेवलं," म्हणत तिने ते ओढून काढलं आणि टेबलफॅन लावला. "आता दर सीडीनंतर जरा दम घेऊ द्या त्याले."

त्यानंतर एकही सीडी वाया गेली नाही. शेवटची मी चालू एसटीच्या खिडकीतून आत दिली, तेव्हा ती गरमच होती.

आज भंगारवाला आला. मी म्हटलं, बाकी सगळं ने, ड्राइव्ह ठेव. चालू आहे.