सोळा रबरी चौकोन

नागावच्या मार्तंडमास्तरांना साठी उलटेपर्यंत मत्सर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांचं मन फार मोठं होतं असं कुणी समजू नये. गावात दुसरा तबलजी नव्हता, एवढंच. भजनी मंडळात चाळीस वर्षं तबल्याला तेच बसत आले होते आणि गावात चांगला तबला कोण वाजवतं, या प्रश्नाला एकच उत्तर होतं. असे हे मास्तर सहासष्टाव्या वर्षी जळायला लागले, आणि जळायला माणूस मिळाला तोही घरातलाच. बायको.

त्याची सुरुवात केली मंडळाच्या दयारामबुवांनी. एके दिवशी ते ओटीवर येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, माज्या बानं रचलेलं देवीचं भजन कुठं लिवलेलं न्हाय. मी गेलो का तेबी गेलं. कायतरी करून रेकॉर्ड करून ठेवूया."

मास्तर तत्काळ तयार झाले. भजन टिकावं म्हणून तर खरंच, पण त्याहून जास्त म्हणजे आपण गेल्यावरही आपला तबला वाजत राहील, ही कल्पना त्यांना फारच गोड वाटली. लगेच फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं. त्यात वाडीतला पंप आला, शेजारचा कुत्रा आला, पर्यटकांना दिलेल्या खोलीतलं एक रडकं पोर आलं आणि या सगळ्यांच्या मागे कुठेतरी तबला आला. त्यातून खाऱ्या हवेने तबल्याची कातडी पुडी ओल धरून बसलेली. काठावर चाट मारली तरी धप्प वाजायची.

मुंबईहून मुलगा अजेय म्हणाला, "बाबा, ट्रिगर पॅड घ्या. रबराचे चौकोन असतात. ते कॉम्प्युटरला जोडायचे. तुम्ही चौकोनावर बोट मारलंत की सॉफ्टवेअरमधला तबला वाजतो. कुत्रा येत नाही, पंप येत नाही."

झालं. मास्तरांनी वही आखली. सहावीच्या निकालपत्रकाला आखायचे तसे रकाने पाडले आणि अडीच महिने सॉफ्टवेअरांची परीक्षा घेतली. एकात चाळीस जातींचे ड्रम होते, ढोलकी एकही नव्हती. नापास. दुसऱ्यातला तबला विहिरीत बसून वाजवल्यासारखा येई. नापास. तिसरं माणसाशिवाय आपलं आपणच ठेका धरून बसायचं. "मग माणसाने काय टाळ्या पिटायच्या?" म्हणून त्यावर लाल शाईने काट मारली. शेवटी तबला, पखवाज, ढोलकी, झांज असं आपलं सगळं असलेलं एक सापडलं. मग पॅडची निवड. काठीने वाजवायचं की बोटाने, रबर मऊ की कडक, बोटाचं टोक लागलं आणि तळवा लागला यातला फरक त्याला कळतो का? मुंबईच्या दुकानदाराला इतके फोन झाले, की तो आवाज ऐकताच "बोला मास्तर" म्हणू लागला.

कुमुदताई हे सगळं बघत होत्या. त्या रेवदंड्याच्या टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या. बोलणं मोजकं. त्या एकदाच म्हणाल्या, "अहो, आठ चौकोनांचं पुरे की. हात दोनच आहेत."

मास्तरांनी सोळांचं मागवलं.

एका शनिवारी अजेय ते घेऊन बोटीने मांडव्याला उतरला आणि घरी आला. पर्यटकांची एक खोली बंद करून तिथे मांडामांड झाली. मास्तर धूतवस्त्र नेसून बसले, चौकोनांना नमस्कार केला. हेडफोनमधून कानात मात्रांची टिकटिक येऊ लागली तशी ती त्यांनी बंद करायला लावली. "टिकटिकीवर वाजवायला मी काय घड्याळजी आहे?" मग त्यांनी सात मिनिटं भजनी ठेका वाजवला, आणि वाजवून झाल्यावर मान अशी डोलावली की जणू समोर शंभर माणसं बसली आहेत.

अजेय मात्र पडद्याकडेच बघत होता. पडद्यावर उभ्या रेघा होत्या, त्या मात्रांच्या. मास्तरांचा एकेक ठोका ठिपका होऊन रेघेजवळ उमटला होता. पहिल्या कडव्यात ठिपके रेघेवर. दुसऱ्यात थोडे अलीकडे. चौथ्यात तर रेघ एकीकडे आणि ठिपका दुसरीकडे.

"यंत्र उशीर करतंय," मास्तर म्हणाले. त्यांनी हे वाचलेलं होतं. बोट मारणं आणि आवाज येणं यात यंत्र कधीकधी वेळ खातं.

"यंत्राने उशीर केला तर ठोका मागे पडेल, बाबा. तुमचा पुढे आहे."

"मग पॅड बिघडलंय."

बिघडलंय का बघायला म्हणून अजेयने आईला हाक मारली. कुमुदताई पदराला हात पुसत आल्या. अजेयने सांगितलं तसे त्यांनी दोन चौकोनांवर आलटून पालटून ठोके मारले. एकूण एक ठिपका रेघेवर. मास्तर म्हणाले, तिला टिकटिक होती. टिकटिक बंद झाली. कुमुदताईंनी पुन्हा मारले. नखभर इकडेतिकडे सोडलं तर पुन्हा रेघेवर.

"आई, हे कसं काय?"

"एकतीस वर्षं टपालावर शिक्के मारलेत. हजार मारायचे असले तर हात एका चालीत ठेवावा लागतो. घाई केली की दुखतो," त्या म्हणाल्या आणि कुकर बघायला गेल्या.

त्या क्षणी मास्तरांच्या पोटात जे दुखायला लागलं ते जेवून थांबलं नाही, झोपून थांबलं नाही. शिक्के! चाळीस वर्षांच्या साधनेपुढे टपालाचे शिक्के!

पुढचे दोन महिने त्यांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. कुमुदताई रोज दुपारी हेडफोन लावून पॅडपुढे बसू लागल्या. ठेके त्यांना शिकवावे लागले नाहीत, जन्मभर ऐकलेलेच होते. बाहेर नुसती थप्‌थप्‌ ऐकू यायची आणि त्यांचा चेहरा मात्र खुललेला असायचा. तिला काय ऐकू येतंय ते आपल्याला येत नाही, याचाच मास्तरांना जास्त राग. ते दारातून सांगत, "रबर झिजेल." सांगत, "वीज जळते." एकदा तर सांगितलं, "या वयात कानाला वाईट." त्या हसून मान हलवत आणि थप्‌थप्‌ चालूच. मास्तर नाक मुरडून सुपाऱ्या सोलायला जात आणि सोलताना बोट कापून घेत.

आणि मग व्हायचं तेच झालं. दयारामबुवा आले, त्यांनी हेडफोन कानाला लावून वहिनींचा रेकॉर्ड झालेला ठेका ऐकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मास्तर, ह्योच ठेवूया. आयतवारी आम्ही यावर गातो."

"वा! उत्तम!" मास्तर म्हणाले. चाळीस वर्षांत या दयारामने आपला तबला डोळे मिटून कधी ऐकला का, ते मनातल्या मनात आठवून पाहिलं. आठवलं नाही.

शुक्रवारी कुमुदताई डोळे तपासायला अलिबागला गेल्या. मास्तरांनी लॅपटॉप उघडला. सॉफ्टवेअरमध्ये काटछाट करणं घरात त्यांनाच जमत होतं, ही एक जागा अजून त्यांची उरली होती. एकच ठोका सरकवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. एक ठोका चुकला तर काय बिघडतं? माणूस चुकतो. कुमुदही चुकते, एवढंच दिसावं. त्यांनी चौथ्या ओळीनंतरचा ठोका अलीकडे ओढला. ऐकलं. बरं वाटलं. मग त्यापुढचे सगळेच जरा अलीकडे ओढले. आणखी बरं वाटलं. प्रत्येक कडव्यात असं करत करत ते दोन तास बसले, आणि शेवटी पहिल्यापासून ऐकलं तेव्हा त्यांची मान आपोआप डोलली. आता कुठे ठेक्यात जीव आला होता. त्यांनी सेव्ह केलं आणि लॅपटॉप मिटला. लाज वाटली का? वाटली. पण पोटदुखी थांबली होती, त्यामुळे लाजेकडे कोण बघतो?

रविवारी मंडळ आलं. कोपऱ्यात दयारामबुवा, शेजारी साथीला गाणाऱ्या मनुबाई, मागे टाळकरी. कुमुदताईंसकट सगळ्यांच्या कानांत हेडफोनमधून ठेका सोडला. भजन सुरू झालं. मास्तर दाराशी उभे राहून वाट बघत होते, की आता कुणीतरी अडखळेल आणि वहिनींकडे बघेल.

कुणीही अडखळलं नाही. चौथ्या ओळीनंतर मनुबाईंनी श्वास चोरला. दयारामबुवांनी पालुपद दोनदा घ्यायचं ते एकदाच घेतलं. टाळकऱ्यांनी एक टाळ न वाजवताच हवेत सोडून दिला. सगळं इतकं सराईतपणे झालं, की कुणी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या कडव्यात तसंच. त्याच्या पुढच्या कडव्यातही. भजन संपलं.

दयारामबुवांनी हेडफोन काढला. "मास्तर, फशवताय का आमाला? ह्यो हात वैनींचा न्हाय. ह्यो तुमचा हाय."

"व्हय तर," मनुबाई म्हणाल्या. "चवथ्या ओळीला पलाला, तवाच मी वलखला. मंग बरं वाटलं. आमचा श्वास तितंच घ्यायची सवय ना."

सगळे हसले. त्यात वाईट काहीच नव्हतं, घरच्या माणसाच्या घोरण्यावर हसावं तसं ते हसू होतं. म्हणजे यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. चाळीस वर्षं हे लोक आपल्या तबल्यावर गात नव्हते, आपल्या तबल्याला सांभाळून घेत होते, आणि ते इतक्या मायेने, की आपल्याला पत्ता लागू दिला नाही. आपण सांगावं, की सरकवलंय, असं त्यांना वाटलं.

"त्यांचाच आहे," कुमुदताई म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा. "माझं मनगट दुखत होतं. मीच म्हटलं, तुम्ही वाजवा."

"मंग ह्योच ऱ्हाऊ दे," दयारामबुवा म्हणाले. "आमी असंच गातो. मागं ऱ्हायचं तर जसंच्या तसं ऱ्हावं." आणि जाता जाता रेकॉर्डिंगबरोबर अजेयला पाठवायच्या कागदावर त्यांनी स्वतः लिहिलं, तबला : मार्तंडमास्तर.

मंडळ गेल्यावर कुमुदताई कप गोळा करत होत्या. मास्तर खुर्चीत बसून राहिले होते.

"कुमुद, मी सरकवलं ते."

"माहीत आहे. मी असं वाजवत नाही."

"मग का सांगितलंस तसं?"

"सगळ्यांसमोर काय सांगणार होते?" त्यांनी कप ट्रेमध्ये ठेवले. "माझं वाजवलेलं काढून द्या मला. गाण्यासाठी नको. मला ऐकायचंय."

मास्तरांनी खाली बघितलं. "ते नाही. त्याच्यावरच सेव्ह केलं मी."

कुमुदताईंनी ट्रे उचलला. आता ही रडेल, निदान ओरडेल, असं मास्तरांना वाटलं. तिने ओरडावं अशी त्यांची फार इच्छा होती.

"बरं," त्या म्हणाल्या. "त्यात काय एवढं? उद्या परत वाजवीन. तस्साच."

त्या आत गेल्या. आत नळ सुटला, कप विसळण्याचा आवाज येऊ लागला. ती उद्या परत वाजवेल आणि खरोखरच तस्साच वाजवेल, याबद्दल मास्तरांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.