नवऱ्याची पाठ सोडू नकोस

भिवंडीत ज्याने एकदा मुंबई पाहिली तो जन्मभराचा मास्तर होतो. मग तो तिथे कुणाच्या मयताला जाऊन संध्याकाळच्या एसटीने परत आलेला का असेना. आमच्या चाळीत असले मास्तर पैशाला पासरी होते.

शेजारच्या खोलीतलं जोडपं पहिल्यांदा मुंबईला निघालं तेव्हा या सगळ्यांना चेव आला. तो अंबाडीकडचा, ती वळ गावची. तो कापडाच्या लूमवर कामाला, ती त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला. तिला ऐकू कमी येऊ लागलं होतं. लग्न झाल्यापासून त्या खटाखटीत बसलेल्या बाईचं आणखी काय होणार? पण सासूच्या मते ती मुद्दाम करत होती. सासूने निकालही देऊन ठेवला होता. "डागदर काय बोलतो तां बघ. बहिरी निघाली तर परस्पर माहेरी वळला सोडून ये. मला बहिरी सून नको हाय."

म्हणजे त्या बाईचा संसार टांगणीला लागलेला, आणि आमचे मास्तर बोलत होते खिसेकापूंवर. एकजण म्हणाला, उंच इमारतींकडे मान वर करून बघू नका, गावंढळ म्हणून ओळखतात. दुसरा म्हणाला, पैसे पायमोज्यात ठेव. त्या गरिबाकडे चप्पल होती, पायमोजे कुठले? कारखान्याचा हिशेब ठेवणाऱ्या मेहताजीने तर दारात उभं राहून व्याख्यान दिलं, "बंबई में औरत को मरद के पीछे-पीछे चलने का. नवऱ्याची पाठ सोडू नकोस, बस." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. ही शिकवण त्यांना नवी नव्हतीच, गावात तरी बाई आणखी कुठे चालते?

मुंबईतलं कानाचं इस्पितळ मला ठाऊक होतं, म्हणून मी सोबत निघाले. युनियनची हँडबिलं वाटत फिरणारी बिनलग्नाची मुलगी बरोबर, यावरही चाळीने आपलं मत नोंदवलं.

मुंबईत उतरलो आणि तो पुढे, ती मागे, अशी वरात सुरू झाली. तिने त्याच्या सदऱ्यावर नजर खिळवलेली. बिचारी सांगितलेलं तंतोतंत पाळत होती. तो पुढे बघतच बोलायचा, "इकडून वळ", "जरा थांब". मोठ्या रस्त्याशी मी पानवाल्याला वाट विचारायला थांबले. तेवढ्यात तो गाड्यांमधून वाट काढत पलीकडे निघाला. मागे न वळता ओरडला, "तू थांब, ताई येऊ दे." ही निघाली पाठीमागे. टॅक्सी तिच्या लुगड्याला घासून थांबली. टॅक्सीवाल्याने आईबहिणीचा उद्धार केला. मी धावत जाऊन तिला कडेला ओढलं. तो परत आला तो ओरडतच.

"थांब सांगितलं ना? आई बोलते तेच खरं. तू ऐकतच न्हाय."

तिने लुगडं सावरलं. मग शांतपणे म्हणाली, "तुमचं तोंड कुठं दिसत होतं? पाठ काय बोलती का?"

त्याने पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघितलं. लूम चालू असताना शेडमध्ये कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. तिथे सगळे समोरच्याच्या ओठांकडे बघून समजून घेतात. हा स्वतः रोज बारा-बारा तास तेच करायचा. दोन लूमपलीकडच्या माणसाकडे तंबाखू मागण्यापासून त्याला बायकोच्या चहाड्या सांगण्यापर्यंत सगळं बिनआवाजी. बाहेर पडला की मात्र याला बायकोला पाठ दाखवून बोलायची सवय.

पुढे तो तिच्या शेजारून चालला. अवघडून, पण शेजारून.

इस्पितळातले डॉक्टर कागदात डोकं घालून प्रश्न विचारत होते. ती गप्प. डॉक्टर त्याला म्हणाले, "मंद आहे का ही?"

"मंद न्हाय साहेब," तो म्हणाला. "जरा वर बघून बोला तिच्याशी."

तपासून झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते ऐकणं परत येणार नाही. आवाजापासून लांब ठेवलं तर उरलंय ते टिकेल. झालं. सासूला हवा होता तो निकाल मिळाला.

आम्ही चाळीत परतलो तेव्हा सासू उंबऱ्यातच बसली होती. "काय बोलला डागदर? बहिरी हाय ना?"

"हाय," तो म्हणाला. मग बायको ओठ बघू शकेल असा वळला. "कारखान्याने केली. उद्यापासून ती कांड्या भरणार न्हाय. आणि वळला बी जाणार न्हाय. आई, तुला काय बोलायचं तां समोर येऊन बोल, मागून बोललेलं तिला समजत न्हाय."

सासूने भांडी आपटली, दोन दिवस अबोला धरला आणि शेवटी समोर येऊन बोलू लागली. बोलली ती वाईटच. पण समोरून.

मास्तर लोक मात्र खूश. टॅक्सीची गोष्ट कळल्यावर प्रत्येकजण सांगत सुटला की आपल्याच सल्ल्याने बाई वाचली. ती राहिलेली मजुरी आणायला गेली तेव्हा मीही होते. आत लूम धडधडत होते. मेहताजी कारखान्याच्या दारात, तिच्याकडे बघत, शेजारच्या माणसाला काहीतरी म्हणाला. मला अक्षर ऐकू आलं नाही. ती थांबली.

"बहरीको संभालके बैठा है, जोरू का गुलाम," तिने त्याच्या ओठांवरचं वाक्य जसंच्या तसं परत केलं. "मेहताजी, पुढच्या वेळी पाठ फिरवून बोला."