ऑर्फाबाईंचा ऱ्हस्व क्रिक

ऑर्फा केसलरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पुलाच्या कठड्यावरून इतकी वाकली होती की मला वाटलं, हिचं काहीतरी पाण्यात पडलंय. ती खांबावरची लाल खूण पाहत होती. पाणी खुणेला टेकलं की ओढ्याकाठच्या सगळ्या घरांना ती फोन करायची.

वरच्या शेतांवरची माणसं ओढ्याला ‘क्रिक’ म्हणतात, आम्ही खालच्या गावातली ‘क्रीक’. त्यांच्या मुलांचा हा उच्चार सुधारण्यात मी शाळेतली एकतीस वर्षं घालवली. एकही मूल सुधारलं नाही.

एका मार्चमध्ये, बर्फ वितळत असताना, ऑर्फाचा फोन आला. “मास्तर, क्रिक फुगलाय. कोंबड्या हलवा.”

“क्रीक, ऑर्फाबाई. दीर्घ.”

“बरं, दीर्घ. पण तुम्ही तो लांबवेपर्यंत खुराड्यात शिरेल!”

मी दीर्घ उच्चाराची दोन उदाहरणं द्यायला घेतली, तोवर तिने फोन आपटला. बाहेर आलो तर खुराडं पाण्यात आणि माझ्या अकराही कोंबड्या त्याच्या छपरावर. गुडघाभर गार पाण्यातून एकेक कोंबडी काखेत मारून आणताना मी बायकोला ओरडून सांगत होतो, “अगं, दार उघड, क्रिक आलाय!”

“ऱ्हस्व?” तिने दारातून विचारलं.

ऑर्फा आता एक्याऐंशीची आहे. अजून रोज सकाळी पुलावर जाते. तिच्या फोनच्या यादीत पहिला नंबर माझा आहे, कारण मास्तरांना वेळ लागतो, असं ती सगळ्यांना सांगते.