खोलीतला कुबट वास

गेल्या वर्षी मे महिन्यात माझा मुलगा, सून आणि चार वर्षांची नात पुण्याहून आठ दिवसांसाठी म्हणून आले आणि तिसऱ्या दिवशी बॅगा उचलून स्टेशनजवळच्या एका हॉटेलात राहायला गेले. कारण एसीचं. "आई, खोलीत कुबट वास येतोय, हिला शिंका येतात," असं मुलगा म्हणाला. जेवायला दोन्ही वेळा माझ्याकडेच यायचे, पण झोपायला तिकडे. स्वतःच्या गावात, आई धडधाकट असताना, तिच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर! मला ते इतकं लागलं की निघायच्या दिवशी त्यांना सोडायला मी स्टेशनवरसुद्धा गेले नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

तो एसी मी त्यांच्यासाठीच तर बसवला होता. मला एकटीला काय करायचाय? आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी भिंतीला हात लावला तर पोळतो, पण माझा सारा जन्म इथेच गेलाय, नोकरीची निम्मी वर्षं मी पत्र्याच्या वर्गात पोरांना पाढे शिकवलेत. बाहेरच्या खोलीत फरशीवर पाणी मारायचं आणि पंख्याखाली आडवं व्हायचं, झालं. एसीची खोली त्यांची. वर्षभर बंद. खिडकीच्या फटीत कागद, पलंगावर कोरी चादर आणि त्या चादरीवर धूळ बसू नये म्हणून जुनी चादर.

यंदा एप्रिलमध्ये मुलाचा फोन आला. येतोय म्हणाला, पण राहायचं हॉटेलात बघतो म्हणाला. मी विचारलं, "वास गेला तर घरी राहाल ना?"

"वास नसेल तर मग काय प्रश्नच नाही," तो म्हणाला.

एवढं एक वाक्य मला पुरलं. मी कंबर कसली. खोलीत कापूर जाळला, उदबत्त्या लावल्या, कोपऱ्यांत डांबरगोळ्या टाकल्या, फरशी दोनदा फिनेलने पुसली आणि शेजारच्या अक्कांना हाक मारली. अक्कांचं घर विणकरांचं. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि दिवसभर त्यांच्या मागाची खटखट आमच्या भिंतीतून ऐकू येते. तीस वर्षांचा शेजार आमचा. अक्का दारातच थांबल्या, पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "बाई, देवळात कुनीतरी वलं पायपुसनं वाळत घातल्यावानी वाटतंय की ओ."

मला राग आला. शाळेत कुणी माझी चूक दाखवली की यायचा तसाच. पण त्याहून वाईट असं की मला स्वतःला तो वास येतच नव्हता. दार उघडल्या उघडल्या क्षणभर काहीतरी जाणवायचं आणि पाच मिनिटांत नाक सरावून जायचं. नवरा असता तर म्हणाला असता. त्याला दूध लागल्याचा वास फाटकातून यायचा आणि तो घरात पाऊल ठेवायच्या आधी बोलून दाखवायचा. तेव्हा मी चिडायचे. आता घराला वास येतोय की नाही, हे सांगायलाही घरात दुसरं माणूस नाही.

अक्कांच्या ओळखीने एक मिस्त्री आला. अक्कलकोटकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने आधी घटकाभर एसी चालवून बघितला, मग खाली प्लॅस्टिकचा कागद झोळीसारखा बांधला, झाकण काढलं आणि आत बॅटरी मारली. मग मला स्टुलावर चढायला लावून दाखवलं. आतल्या लांबट ट्रेमध्ये पाणी साचलेलं, त्यावर काळी बुळबुळीत साय.

"मावशी, ह्यातलं पानी खाली जाईना झालंय. पाईप कुटं सोडलाय?"

मी मोठ्या अभिमानाने त्याला मागच्या अंगणात नेलं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाणी वाया जाताना दिसलं की आमचे लोक आधी खाली बादली सरकवतात. एसीचं पाणी गटारीत सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी जास्तीचा पाईप जोडून तो निळ्या बॅरलमध्ये सोडला होता. पालिकेची माणसं डासांवरून बोलून जातात, म्हणून बॅरलच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं, आणि पाईप निसटू नये म्हणून पार तळापर्यंत खुपसलेला. त्या पाण्यावर माझी तुळस, मोगरा आणि फरशीचं पुसणं चालायचं. पाहुणे आले की एसी चालायचा, बॅरल भरायचं, आणि मला धन्य वाटायचं.

मिस्त्रीने फडकं सोडलं, आत बघितलं आणि पहिल्यांदाच हसला. "तोंड बुडालंय की पान्यात. हवा कोंडली, मग वरचं पानी खाली येनार कसं? तितंच साचून कुजलंय." त्याने पाईप कापला आणि बॅरलच्या काठाच्या वर वीतभर उंच बांधून दिला. "पानी धरा, लई चांगलं हाय. पन तोंड मोकळं ठिवा."

म्हणजे वास मीच केला होता. वर्षभर मी एसीच्या कंपनीला, बसवणाऱ्याला आणि मनातल्या मनात सुनेच्या नाकालाही नावं ठेवली होती. मी चहा टाकला.

त्याने पंपाने आतली जाळी धुतली. काळं पाणी कागदावरून बादलीत उतरलं ते मला बघवेना. चहा पिताना म्हणाला, "आता रोज लावत जावा. अन् बंद करायच्या आदी अर्धा तास नुसता पंखा चालू द्या, आतलं वाळतं. बंद खोलीला वास येनारच की."

"मी एकटीच असते हो."

"मग तुमीच पडा की तितं."

पाहुण्यांसाठी मांडलेल्या ताटावर जेवायला बसवल्यासारखं मला झालं. पण राहाल ना, या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत होतं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी तिथे झोपायला लागले. कोऱ्या चादरीवर नाही, जुनीवर. दार लावलं की अक्कांच्या मागाची खटखट बंद व्हायची. ती खटखट मला आवडते असं मी कधी म्हटलं नसतं, उलट परीक्षेचे पेपर तपासताना तिला शिव्याच दिल्यात. पण त्या गार खोलीत नुसती एसीची घरघर ऐकत पडलं की आपण कुणाच्या तरी घरी वाट बघत बसलोय आणि घरातले सगळे बाहेर गेलेत, असं वाटायचं. मी फार एकटी आहे, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा नीट कळलं.

संध्याकाळी अक्का वास बघायला यायच्या. मी वासाला दहापैकी गुण विचारायचे. आधी सात, मग पाच. अक्का शेरा द्यायला कचरायच्या तर मी दटावायचे. त्या निमित्ताने त्या घटकाभर बसायच्या, चहा व्हायचा, त्यांच्या सुनेचं गाऱ्हाणं व्हायचं. गुण उतरत उतरत शून्यावर आले त्या दिवशी मला आनंद झाला आणि जरा वाईटही वाटलं.

मे महिन्यात ती तिघं आली. पायावर पाणी घ्यायच्या आधीच मी त्यांना खोलीत नेलं. सून दारात थांबली, तिने खोल श्वास घेतला. "नाही हो आई, अजिबात नाही. मस्त वाटतंय."

मी जिंकले. दुपारी नात त्या पलंगावर हातपाय पसरून झोपली, मुलगा तिच्या बाजूला आडवा झाला, सून मोबाईल घेऊन बसली. मी दार उघडून बघितलं. थोड्या वेळाने पाण्याचा तांब्या ठेवायला गेले. मग कलिंगडाच्या फोडी द्यायला. मग नुसतीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या अंगणात मुलगा फोनवर बोलत होता. "हो, उद्यापासून. दोघं आणि एक लहान."

माझ्या हातातली परात खाली ठेवत मी विचारलं, "पुन्हा वास येतोय का रे?"

त्याने फोन खिशात टाकला. बोलली ती माझ्या मागोमाग आलेली सून, आणि मला शेजारी पायरीवर बसवून हळू आवाजात बोलली. "आई, वासामुळे नाही. मागच्या वर्षी वास होता, पण तेवढ्यासाठी आम्ही गेलो नसतो. तुम्ही सारखं दार उघडून बघता. कडी लावली तर कडी का लावली विचारता. आम्हाला घडीभर तिघांनाच बसता येत नाही. यांना तुम्हाला असं बोलवेना, म्हणून वासाचं सांगितलं."

मला राग आला, पण खरंच होतं ते. मी दार का उघडते, हे मला सांगता आलं असतं. वर्षभर त्या दाराआड कुणी नसतं, आता आहेत, तर ती माणसं डोळ्यांनी बघून यावंसं वाटतं, एकदा बघून भागत नाही. पण पायरीवर बसून सुनेला हे सांगायचं मला जमलं नाही. सारा जन्म दुसऱ्यांना बोलतं करण्यात गेला माझा. "बरं," एवढंच म्हणाले.

सकाळी फाटकाशी रिक्षा आली. मुलगा बॅगा ठेवत होता, नातीने मला पापी दिली, सून "जेवायला येतोच" म्हणाली. शेजारच्या दारातून अक्का बाहेर आल्या. अर्ध्या तासापूर्वीच त्या नातीसाठी दही घेऊन आल्या होत्या आणि त्याच खोलीत पलंगावर बसून तिच्याशी खेळून गेल्या होत्या.

"का ओ बाई? पुन्हा हाटेलात? वास तर पार गेला हुता की!"

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली. मी पदर सारखा केला. "नाही हो अक्का, थोडा येतोय अजून."

अक्कांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग त्या माझ्या घरात शिरल्या, त्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या आणि बाहेर आल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या, "येतोय की जरा."